राजाने भाकरी करपवली

नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत गेलेल्या बाईला तिथे नोकरी करता येत नसे. बाकी सगळं करता येत असे: स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या, खिडकीतून बर्फ बघणं, आणि संध्याकाळी दमून आलेल्या नवऱ्याच्या ‘आज काय केलंस?’ या प्रश्नाला रोज नवं उत्तर शोधणं. पुण्यात मी एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. तिथली दांडगट पोरं मला टरकून असत. आणि २००४ साली मी मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावात, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, फक्त डिशवॉशरवर हुकूम चालवत होते.

त्यामुळे तिथल्या मराठी मंडळाचा शनिवारचा मराठी वर्ग घेणाऱ्या ताई नवऱ्याच्या नव्या प्रोजेक्टपायी सांता क्लाराला निघाल्या, तेव्हा ‘आता वर्ग कोण घेईल?’ हे वाक्य संपायच्या आत माझा हात वर होता. पगार नाही, मान नाही, खडूसुद्धा आपलाच. वर्ग भरायचा एका लुथरन चर्चच्या तळघरात. सात ते अकरा वर्षांची डझनभर मुलं, आयांनी ओढून आणलेली, चेहरे असे की दाताच्या डॉक्टरकडे बसलीत. पण ती मला ‘टीचर’ म्हणायची. आठवड्याचे बाकीचे सगळे तास मी कुणाची तरी मिसेस होते. ते दोन तास माझे होते. ते कुणी काढून घेतले असते तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

पहिले काही शनिवार मी इमानदारीत पाठ्यपुस्तक शिकवलं. एका धड्यात विहीर होती, विहिरीवर मोट होती. मोट समजावता समजावता वर्ग संपला आणि मुलांना वाटलं की भारतात अजून नळ आलेले नाहीत. पुढच्या शनिवारी मी पुस्तक मिटलं. मला खरं येतं काय? मला येतं इंग्लंड. एम. ए. होईस्तोवर मी त्या चिमुकल्या बेटाचे इतके राजे, राण्या आणि दंतकथा पाठ केल्या होत्या की स्वतःच्या मावसबहिणींचे वाढदिवस डोक्यातून निघून गेले होते. म्हटलं, तेच मराठीत सांगू.

एक राजा होता. त्याचे दरबारी इतके लोचट, की म्हणायचे, महाराज, समुद्रसुद्धा तुमचं ऐकेल. राजाला आला वैताग. त्याने खुर्ची उचलायला लावली, नेली थेट किनाऱ्यावर, भरतीच्या तोंडाशी बसला आणि लाटांना म्हणाला, ‘थांबा!’ लाटा आल्या घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. राजा मागे वळून म्हणाला, ‘बघितलंत? आता उद्यापासून तोंडं आवरा.’

एक मुलगा म्हणाला, “टीचर, त्याचे शूज?”

“भिजले.”

“आणि त्याची आई ओरडली नाही?”

मी त्या क्षणी हरखले. प्रश्न मराठीत होता!

मग काय, मी सुटलेच. लढाई हरलेला राजा दिवसभर ओकच्या झाडावर लपून बसला आणि खाली शत्रूचे शिपाई त्यालाच शोधत हिंडत होते, ही गोष्ट सांगितली. त्यावर मुलांची एकच चिंता: “पण त्याला बाथरूमला जायचं असेल तर?” यावर इतिहास गप्प आहे, असं मी सांगितलं आणि वर्गाने गप्प न बसता बरेच तोडगे सुचवले. दुसऱ्या एका राजाने खजिन्याच्या गाड्या लवकर पोचाव्यात म्हणून खाडीच्या चिखलातून शॉर्टकटने पाठवल्या. आली भरती, गेला खजिना. माझा नवरा छापलेला नकाशा मांडीवर असतानाही रस्ता विचारत नाही, त्यामुळे ही गोष्ट मी फार मनापासून सांगितली. सहा बायका केलेला राजा मात्र मी घाईघाईत उरकला, तरी त्याच संध्याकाळी एका आईचा फोन आला. “अगं, काय शिकवलंस? जेवताना माझी लेक बाबाला विचारतेय, आई तुझी कितवी?”

हे असं अध्यक्ष काकांच्या कानावर गेलं.

अध्यक्ष काका म्हणजे निवृत्त डॉक्टर. सत्तरच्या दशकात आलेले. आमच्यासारख्या कंपनीने उचलून आणून ठेवलेल्या पोरासोरांच्या आधी, इथे कोथिंबीर मिळत नव्हती तेव्हापासून त्यांनी मंडळ चालवलं होतं. ताठ बांधा, कडक इस्त्री, आणि बोलणं असं की ‘नमस्कार’सुद्धा औषधाच्या चिठ्ठीसारखा लिहून दिल्यागत वाटे. एका शनिवारी ते तळघरात आले, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला लागले तरी रुबाब ढळला नाही.

“अहो बाई,” ते म्हणाले, “दीडशे वर्षं राज्य करून ते एकदाचे गेले. आणि तुम्ही त्यांना मिनेसोटात मराठीतून परत बोलावताय?”

“काका, मी त्यांचे पोवाडे गात नाहीये,” मी म्हटलं. “त्यांची फजिती सांगतेय.” माझं नाक लगेच लाल होतं, थंडी असो वा राग.

काकांनी समोरच्या मुलीकडे पाहिलं. आठ वर्षांची, दोन वेण्या, कायम च्युइंगम. वर्षभर वर्गात येत होती आणि तिच्या तोंडून मी एकही मराठी वाक्य ऐकलं नव्हतं. “काय गं बाळ, काय काय शिकलीस?” त्यांनी विचारलं.

“आय डोन्ट नो,” ती म्हणाली. वर फुगा फोडला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे बघितलं. मग त्यांनी निकाल दिला. जानेवारीत त्याच चर्चच्या सभागृहात मंडळाची संक्रांत होती. तिथे माझ्या वर्गाने छोटं नाटुकलं करावं. “मला मुलांनी मराठी बोललेलं ऐकायचंय. पाठ केलेलं नाही, बोललेलं. पोपट मलाही शिकवता येतात. नाहीतर वर्ग दुसऱ्यांकडे देऊ. एक बाई तयार आहेत, रीतसर पुस्तकातून शिकवतील.”

त्या दिवशी घरी जाऊन मी रडले. रडता रडता भांडी हाताने घासली, म्हणजे वेळ तरी वाया गेला नाही. आणि शेवटच्या पातेल्यापाशी ठरवलं की करीन तर इंग्लंडचाच राजा करीन. हट्टाला पेटले की मी अशीच वागते, आमच्या घराण्यात त्याला ‘स्वभाव’ म्हणतात.

निवडला तो भाकरीवाला राजा. त्याच्या राज्यावर डेन्मार्ककडच्या दर्यावर्दी टोळ्यांनी धाड घातली. राजा पळाला, दलदलीत एका गुराख्याच्या झोपडीत वेष बदलून लपला. गुराख्याच्या बायकोने भाकऱ्या टाकल्या आणि त्याला म्हणाली, जरा लक्ष ठेव, मी आलेच. राजा बसला चुलीपाशी, राज्य परत कसं मिळवायचं याचा विचार करत. विचार लांबला, भाकऱ्या करपल्या. बाई आली. तो राजा आहे हे तिला कुठे ठाऊक? तिने त्याला असा झोडपला शब्दांनी, की बस्स. आणि राजाने मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण चूक त्याचीच होती.

मूळ कथेत त्या काहीतरी बिनसाखरेच्या केकसारख्या वड्या होत्या. मी भाकरी केली. इतकं स्वातंत्र्य आम्ही १९४७ साली मिळवलेलं आहे.

आता सगळं नाटक त्या झोडपण्यावर उभं. मी बसले लिहायला. ‘हे मनुष्या, तू फार निष्काळजी आहेस.’ वाचून मलाच झोप आली. मला कळेना, घरी इतकी बोलणी खाऊन मी मोठी झाले, ती गेली कुठे? अमेरिकेत मराठीतून रागवायचंच सुटलं होतं. आमच्या पिढीच्या आया रागावल्या की ‘दिस इज नॉट ओके’ म्हणायच्या. मग मी वर्गाला गृहपाठ दिला: भारतात आजीला फोन करा आणि तिच्याकडून बोलणी खाऊन या.

मुलं वेडी झाली आनंदाने. शनिवारची संध्याकाळ म्हणजे तिकडे रविवारची सकाळ. कॉलिंग कार्डावरचे आकडे दाबून दाबून ईडन प्रेरीतून फोन गेले. आज्या आधी घाबरल्या. मग नातवंडं म्हणाली, “आजी, मला रागाव ना.”

“का रे राजा? काय केलंस तू?”

“काही नाही. नुसतं रागाव.”

छे! अमेरिकेहून फोन करणाऱ्या नातवावर कुठली आजी रागावेल? एकीने तर ‘माझं सोनं गं ते’ म्हणत डोळे पुसले. मुलं पुन्हा माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मी म्हटलं, आजीला राजाची गोष्ट सांगा. पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितली, जमेल तशी, तोडक्यामोडक्या मराठीत. भाकरी तव्यावर होती आणि तो नुसता बसला होता.

“बसला होता? काय करत होता मेला?”

“विचार करत होता.”

“विचार? तव्यावर भाकरी टाकून विचार?”

आणि बांध फुटला. नागपूरहून आलं, “काऊन रे, डोये फुटले का तुये?” साताऱ्याच्या आजीने ‘खायला काळ आणि भुईला भार’ पाठवलं. रत्नागिरीहून ‘मेल्या’ने सुरू होऊन ‘मेल्या’वरच संपणारं एक लांबलचक वाक्य आलं, त्यातलं अर्धं आयांनी गाळलं. पुण्याच्या आजीने एकही अपशब्द वापरला नाही. ती शांतपणे म्हणाली, “असू दे हं. आपण बसा. भाकरी आपली आपण उलटेल.” वर्गाच्या मते यात काहीच दम नव्हता. मला मात्र घाम फुटला, मी पुण्याची आहे.

आणि ती वेण्यावाली. तिची आजी इचलकरंजीची. मुलगी आली ती धावतच, कोट न काढता कमरेवर हात ठेवले आणि राजा झालेल्या मुलासमोर उभी राहून तिने फैर झाडली. “घोड्याएवढा झालास, अक्कल कुठं गहाण टाकलीस?” शब्द अडखळले, पण सूर? सूर असा अस्सल, की माझी पाठ आपोआप ताठ झाली. गुराख्याची बायको सापडली. तालमीत तिला मी थांबवायचे, ती थांबायची नाही. च्युइंगम सुटलं, कारण तोंड मोकळं लागायचं.

अध्यक्ष काकांना कुणकुण लागलीच. फोनवर म्हणाले, “संक्रांतीला गोड बोला म्हणतात. तुम्ही त्या दिवशी शिव्या शिकवणार?”

“शिव्या नाहीत काका, बोलणी.”

“फरक काय?”

“बोलणी आपल्या माणसाला देतात,” मी म्हटलं. काका म्हणाले, “बघू.” फोन ठेवला.

चर्चची देखरेख करणारी बाई आजीकडून नॉर्वेची, आजोबांकडून डेन्मार्कची. मी चाचरत तिला कथानक सांगितलं. “म्हणजे तुमच्या नाटकात वाईट लोक आम्ही?” तिने विचारलं. मी म्हटलं, हो. “वा!” म्हणाली आणि माळ्यावरून शिंगं लावलेल्या शिरस्त्राणांचं खोकं काढून दिलं. त्यांच्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या पातळ पोळ्या भाजायचा हातभर रुंद विजेचा तवा होता, तोही तिने दिला. तवा पाहताच आयांच्या अंगात आलं. एक म्हणाली, खरी भाकरीच करपवू या. पुठ्ठ्याची भाकरी कोण करपवतं? दुसरीने ज्वारीचं पीठ आणलं. नाटक म्हटलं की मराठी माणसाची बुद्धी जरा बाजूला होतेच.

आता, अमेरिकेत आपल्या लोकांच्या घरी फोडणीचा धूर झाला की छतावरचा अलार्म कोकलतो. त्यावर आम्हा सगळ्यांचा एकच उपाय: अंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवायची. ईडन प्रेरीतल्या निम्म्या देशी घरांच्या छताला टोपी होती. तर कार्यक्रमाच्या सकाळी माझा नवरा शिडीवर चढला आणि सभागृहाच्या दोन्ही अलार्मना त्याने टोप्या घातल्या, एक निळी, एक फुलाफुलांची. जिन्यात तिसरा होता. तो कुणी पाहिला नाही. आणि घरचा अलार्म नुसता ओरडतो, पण चर्चचा थेट अग्निशमन दलाला कळवतो, हेही आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं.

नाटक झकास सुरू झालं. शिंगवाल्या टोळ्यांनी आरोळ्या ठोकत पहिल्या रांगेतला तिळगूळ लुटला. राजा झब्बा घालून तव्यापाशी बसला, गालावर हात, विचारात गढलेला. तव्यावर भाकरी. पहिली लवकर करपेना म्हणून कुणीतरी बटण पूर्ण फिरवलं. धूर निघाला, छान निळसर, अगदी चुलीचा वाटावा असा. प्रेक्षक ‘वा’ म्हणाले. गुराख्याची बायको आली, कमरेवर हात ठेवले, “डोळे फुटले का तुझे?” आणि तेवढ्यात जिन्यातला अलार्म बोंबलला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, साउंड इफेक्ट आहे. मुलगीही थांबली नाही, उलट अलार्मच्या वर आवाज चढवून तिने इचलकरंजी ते रत्नागिरी सगळी बोलणी एका दमात दिली. शेवटी चर्चची बाई मंचावर येऊन सगळ्यांना बाहेर हाकू लागली, तेव्हा कुठे काहीतरी बिघडल्याचं आम्हाला उमगलं.

बाहेर उणे अठरा. काळ्या चंद्रकळा, हलव्याचे दागिने, शिंगांची शिरस्त्राणं, असा सगळा लवाजमा पार्किंगमधल्या बर्फात उभा. आया आधी मुलांना कोटात कोंबत होत्या. लाल बंब आला, उंच उंच जवान उतरले, आणि शिंगवाल्या मुलांनी त्यांना सलामी दिली. कुणीतरी एका जवानाच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. मी हसत होते, अगदी पोट धरून, आणि त्याच वेळी मला नक्की कळत होतं की माझा वर्ग गेला. नाटक अर्धवट, चर्च धुरात, आणि बोललेलं जे काही होतं ते आज्यांचं, पाठ केलेलं.

अध्यक्ष काका गर्दीच्या कडेला होते. राजा नुसत्या झब्ब्यावर कुडकुडत बाहेर आला होता, काकांनी आपला कोट काढून त्याच्यावर घातला, टोपीही त्याच्याच डोक्यावर. आणि स्वतः सिल्कच्या कुर्त्यात, उघड्या डोक्याने, ताठ उभे. सत्तरी उलटलेला माणूस. आम्ही सगळ्या मोठ्यांनी ते पाहिलं आणि काकांना काय सांगायचं, म्हणून गप्प बसलो.

ती नाही बसली. वेण्या उडवत ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“ए, अक्कल कुठंय तुझी? बर्फ दिसत नाही? कोट कुठंय? कान बघ, लाल झाले! आजारी पडलास तर कोण बघणार तुला? जा, गाडीत बस आधी!”

तिच्या आईने तोंडावर हात ठेवला. कुणीतरी “अगं, काकांना…” असं पुटपुटलं. मी मात्र जागच्या जागी थिजले, कारण बर्फ नाटकात नव्हता. कोट नव्हता, कान नव्हते, आजारपण नव्हतं. यातला एक शब्दही कुणी तिला लिहून दिलेला नव्हता. तिला थंडी दिसली, म्हातारा माणूस दिसला, आणि ती बोलली.

काका तिच्याकडे बघत राहिले. राजासारखीच त्यांची मान हळूहळू खाली गेली. मला वाटलं, आता स्फोट. पण ते चष्मा काढून पुसू लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले. काकूंना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

“आमची ही गेल्यापासून,” ते म्हणाले, “कोट घाल म्हणून माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं.”

वर्गाचं काय, हे मला विचारावंच लागलं नाही. मुलगी मात्र त्यांचे ओले डोळे पाहून गांगरली. आपलं काहीतरी फार चुकलं असं तिला वाटलं. ती हळूच म्हणाली, “सॉरी, काका.”

“सॉरी नको म्हणूस,” काका म्हणाले. “अजून थोडं रागाव.”

तिने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा कमरेवर हात ठेवले.